तुझा चार्ट बघितला, आता टक्के मांड

अगं, चार्ट मिळाला. १९५२ पासून २०२४ पर्यंत केंद्रात कुणाचं सरकार होतं त्याची रंगीत पट्टी, दिसायला झकास झालीय, पण लगेच पोस्ट करू नकोस. ही पट्टी बघून कुणालाही वाटेल की लोक पंचवीस-तीस वर्षं एका पक्षावर फिदा असतात आणि मग एके दिवशी उठून सगळेच्या सगळे दुसऱ्याकडे जातात, आणि आपल्याकडे तसं जवळपास कधीच झालेलं नाही.

खुर्ची कुणाकडे गेली ते तुझ्या पट्टीत दिसतं, मतं किती हलली ते नाही. १९७७ आणि २०१४ शेजारी शेजारी ठेवून बघ ना. ७७ ला काँग्रेसला साधारण साडेचौतीस टक्के मतं, जागा १५४, यूपी-बिहारमध्ये मिळून भोपळा, आजही आपण त्याला काँग्रेसचं पानिपत म्हणतो. २०१४ ला भाजपला ३१ टक्के, जागा २८२, स्वबळावर बहुमत. म्हणजे जो आपटला त्याचे टक्के जो जिंकला त्याच्यापेक्षा जास्त! कारण ७७ ला समोरचे बहुतेक सगळे एकाच जनता पक्षात गोळा झाले होते आणि २०१४ ला समोरचे पांगलेले होते, शिवाय भाजपची मतं देशभर पातळ पसरलेली नव्हती, उत्तर आणि पश्चिमेत दाट होती.

दुसरी जोडी १९६७ आणि १९८९. काँग्रेसला आधी ४०.८ टक्के, नंतर ३९.५. दीड टक्काही गेला नाही पण जागा २८३ वरून १९७ वर आल्या, कारण ८९ ला जनता दल, भाजप आणि डावे यांनी बऱ्याच ठिकाणी एकमेकांच्या मतांत वाटेकरी उभे केले नाहीत. त्यामुळे ‘लोकांनी काँग्रेसला नाकारलं’ असं सरसकट लिहू नकोस, दहातले चार तेव्हाही तिलाच मत देत होते.

आणि लाट हा शब्द जरा जपून वापर गं, आजकाल जो जिंकला त्याची लाट असते. १९८४ ला म्हण, तेव्हा काँग्रेस ४९ टक्क्यांच्या आसपास होती. पण त्याच निवडणुकीतली गंमत बघ, भाजपला साडेसात टक्क्यांच्या वर मतं आणि जागा २, आंध्रापुरत्या तेलुगू देसमला चार-सव्वाचार टक्के आणि जागा ३०. भाजपच्या त्या दोन जागांवर लोकांनी कितीतरी वर्षं टिंगल केली, टक्के कुणी बघितलेच नाहीत.

आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर १९९८-९९ घे, माझ्या मते शिकायला यापेक्षा चांगलं नाही. ९८ ला महाराष्ट्रात काँग्रेस आणि रिपब्लिकन मिळून ४८ पैकी ३७ जागा. मग एप्रिल ९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, जूनमध्ये राष्ट्रवादी निघाली, दोन्ही काँग्रेस वेगळ्या लढल्या आणि शिवसेना-भाजप युतीच्या जागा १० वरून २८ झाल्या. दोन्ही काँग्रेसच्या मतांची बेरीज मात्र युतीपेक्षा बरीच जास्त होती! मतदार होता तिथेच होता, घर वाटलं गेलं. तुझ्या पट्टीत १९९९ ला नुसता भगवा आहे, तो बरोबरच आहे, पण त्यातलं हे काहीच कळत नाही.

अजून एक, दिल्लीतला बदल बऱ्याचदा आधी राज्यांत दिसतो. १९६७ ला केंद्रात काँग्रेस टिकली पण तामिळनाडूत द्रमुक आला, यूपी-बिहारमध्येही बिगरकाँग्रेस सरकारं आली, ती पडली, पुन्हा जुळली, सगळा गोंधळच होता. केंद्र जायला त्यानंतर दहा वर्षं लागली. म्हणून पट्टीखाली मोठ्या राज्यांची एक ओळ दे, जागा कमी पडली तर पंतप्रधानांचे फोटो काढून टाक, त्यांचा काही उपयोग नाहीये.

मधल्या सरकारांचे रंग बदल. चंद्रशेखर काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर होते, देवेगौडांच्या जनता दलाचे स्वतःचे खासदार फक्त ४६, चरणसिंगांचं सरकार तर लोकसभेला सामोरंच गेलं नाही. तिथे एकाच पक्षाचा गडद रंग भरणं चूक आहे, पट्टे पट्टे काढ. नरसिंह रावांचंही बघ, (रामटेकमधून दोनदा निवडून आलेले, छान मराठी बोलायचे) १९९१ ला त्यांच्याकडे बहुमत नव्हतं आणि तरी पाच वर्षं काढली, आर्थिक धोरण उलटंपालटं केलं. उलट ७७ ला जनता पक्षाकडे स्पष्ट बहुमत होतं आणि मोरारजींचं सरकार जुलै ७९ मध्येच गेलं. आकडा आणि पकड, दोन्ही वेगळं मांडता आलं तर बघ, कसं मांडायचं ते मलाही एका ओळीत सांगता येणार नाही.

२०२४ सगळ्यात शेवटी कर, कारण त्यावर प्रत्येकाचं मत तयार असतं. भाजपचा देशभरातला वाटा एका टक्क्यापेक्षा कमी घसरला, जागा ३०३ वरून २४०. महाराष्ट्रात आघाडी ३० आणि महायुती १७, मतांत मात्र अगदी थोडाच फरक, आणि सहा महिन्यांत विधानसभेला सगळं उलटं झालं.

आकडे निवडणूक आयोगाच्या रिपोर्टमधूनच घे, फॉरवर्ड आलेल्या फोटोंवरून नको. ८४ ला काँग्रेसच्या जागा कुठे ४०४ तर कुठे ४१४ दिसतील, पंजाब आणि आसामची निवडणूक ८५ मध्ये झाली म्हणून, तेव्हा कुठला आकडा घेतलास ते खाली लिही. आधी फक्त या तीन जोड्या करून पाठव, ६७-८९, ७७-१४ आणि आपलं ९८-९९, रंगांचं नंतर बघू.