वाचकांचे प्रश्न : सलाइन लावूनही थकवा जात नाही

प्रश्न : वय ४६, रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. लाइट रात्रीची असली की पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. वर्षभरापासून अंगात त्राण नाही, बांध चढलो तरी धाप लागते. सलाइन लावली की दोन दिवस बरं वाटतं. हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही ७०; शुगर, थायरॉइड नॉर्मल. गुडघ्यांसाठी मेडिकलवरून दुखण्याची गोळी घेतो. गूळ-शेंगदाणे खाऊनही रक्त का वाढत नाही?

उत्तर : आधी सलाइनचं. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. सलाइन पिवळी दिसली तर तो रंग त्यात टाकलेल्या बी-कॉम्प्लेक्सचा. मे महिन्याच्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालं असेल तर तरतरी येते, पण तेवढं काम लिटरभर पाण्यातलं ओआरएसचं पाकीटही करतं. रक्त त्यानं वाढत नाही.

पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं की ते कमीच. एमसीव्हीही ८० च्या खाली, म्हणजे तांबड्या पेशी लहान आहेत. याचं नेहमीचं कारण लोहाची कमतरता. बाईचं लोह पाळीत जातं. पुरुषाचं कुठे जातं, हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर राहू नये. एक मिलिलिटर रक्तासोबत साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं आणि जेवणातून दिवसाला अंगी लागतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. रोज चमचाभर रक्त झिरपत असेल तर गूळ-शेंगदाणे पुरे पडणार कसे?

तुमच्या पत्रातच दोन संशयित आहेत. एक ती दुखण्याची गोळी : डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी जठरात व्रण होतो आणि पोट न दुखताही रक्त जातं. दुसरा अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत. ओल्या मातीत अनवाणी पाणी देताना तो पायाच्या कातडीतून शिरतो, म्हणून गमबूट घाला. शौचातून रक्त पडत असेल तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आतड्याचा कॅन्सर असाच उशिरा सापडतो.

आता फेरिटिन करा, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी. ते ३० च्या खाली आलं तर लोह संपलंय असं धरून शौचाची तपासणी, मग जठर आणि मोठं आतडं आतून पाहायला एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी. फेरिटिन चांगलं निघालं तर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी. त्यात थॅलेसेमियाचे वाहक कळतात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात आढळणारा सिकलसेलही.

डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा दीड-दोन तास लांब ठेवा; ॲसिडिटीची आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. गोळीनं शौच काळं होतं, ते ठीक. पण गोळी नसतानाही डांबरासारखं चिकट होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. महिन्याभरात हिमोग्लोबिन दोनेक ग्रॅमनी वाढायला हवं. नाही वाढलं तर रक्त अजून जातंय, किंवा लोह अंगी लागत नाही. १३ च्या वर गेल्यावरही गोळी तीन महिने चालू ठेवतात.

प्रश्न : वय ३४, जळगाव. सतत थकवा, इच्छाही कमी. संध्याकाळी पाच वाजता केलेलं टेस्टोस्टेरॉन २६० आलं. जिममधले इंजेक्शन घ्या म्हणतात. आम्हाला अजून मूल नाही.

उत्तर : इंजेक्शन मुळीच घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा इशारा थांबतो आणि शुक्राणू बनणंच बंद पडू शकतं. शिवाय संध्याकाळचा आकडा धरत नाहीत. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासा. दोन्ही वेळा ३०० च्या खाली आलं तर एलएच आणि प्रोलॅक्टिन या हार्मोन्सची तपासणी. पोट सुटलं असेल, मोठ्यानं घोरत असाल, दिवसा डुलक्या येत असतील तर झोपेची तपासणीही करा. घोरताना श्वास अडकत असेल तर रात्रभर झोपूनही थकवा राहतो, टेस्टोस्टेरॉनही कमी येऊ शकतं.

प्रश्न : आमचे हे माळकरी, धुळ्यात असतो. आठ वर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे. दिवसभर मरगळ, तळपायांना मुंग्या. डॉक्टर म्हणतात, शुगरमुळे.

उत्तर : शुगरमुळे असेलही, पण बी-१२ हे जीवनसत्त्व तपासल्याशिवाय तसं ठरवू नये. मांस-अंडी नाहीत आणि मेटफॉर्मिन बी-१२ चं शोषण कमी करतं, असं दुहेरी कारण इथे आहे. २०० च्या खाली आलं तर उपचार लागतात. मुंग्या असल्यानं डॉक्टर बहुधा इंजेक्शननं सुरुवात करतील. तोवर नुसती फॉलिक ॲसिडची गोळी देऊ नका : रक्त सुधारल्यासारखं दिसतं, नसा मात्र बिघडत राहतात. मेटफॉर्मिन आपल्या मनानं बंद करू नका.