अर्ज छान होतो, पण कोर्टाने विचारलं की सांगता येत नाही

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात सहा महिन्यांपासून ज्युनिअर वकील आहे. नोटीस, जामीन अर्ज, सगळं चॅटजीपीटीकडून लिहून घेते. सर खूश असतात. परवा जजसाहेबांनी माझ्याच अर्जातल्या एका परिच्छेदाबद्दल विचारलं आणि मी गप्प उभी राहिले. वकिली माझ्यासाठी नाहीच का? – एक ज्युनिअर, धरमपेठ

अगं, तू गप्प राहिलीस कारण ती फाईल तुझ्या हाताखालून गेलीच नव्हती. वकिली सोडू नकोस. चॅटजीपीटीही सोडायला नको, पण ते उघडायची वेळ बदल.

चेक बाऊन्सच्या प्रकरणापासून सुरुवात कर, तिथे चूक लगेच दिसते. रिटर्न मेमो (चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी), पोस्टाची पावती आणि पोचपावती समोर ठेव आणि कागदावर तारखा मांड. समज, चेक परत आल्याचं पक्षकाराला बँकेकडून ३ मार्चला कळलं. पैसे मागणारी नोटीस ३० दिवसांत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत गेली पाहिजे. समोरच्याला ती १० एप्रिलला मिळाली, तर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, २५ एप्रिलपर्यंत. पैसे आले नाहीत, तर २६ ला तक्रारीचं कारण घडतं. तो दिवस सोडून एक महिना, म्हणून तक्रार २६ मेपर्यंत. तक्रारीची मुदत ३० दिवसांची नसून एका महिन्याची आहे. एप्रिल ३० दिवसांचा, म्हणून या उदाहरणात दोन्ही सारखेच येतात, पण इतर महिन्यांत नेमका हाच फरक तयार मसुद्यात निसटतो. शिवाय १० एप्रिल ही तारीख पोचपावतीवरच असते. ती तू पुरवली नाहीस, तर मसुद्यात कुठली तरी पटण्यासारखी तारीख येऊन बसते.

फौजदारी कामात याहून जास्त जप. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) कलम ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते जुने अधिकार गेले ५२८ मध्ये. आजवरचे बहुतेक निवाडे जुन्याच क्रमांकांचे, त्यामुळे सरमिसळ होते. बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, उघडून कलम स्वतः वाच. निवाडाही मूळ प्रत वाचल्याशिवाय अर्जात घालू नकोस. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले, मुळात नसलेले निवाडे दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता.

यापुढे पहिला मसुदा तुझ्या हातचा, कितीही वेडावाकडा असो. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने फाईलमधल्या आधाराचा पान क्रमांक लिही. पान सापडलं नाही, तर परिच्छेद खोड. मग पक्षकाराचं नाव, पत्ता, गुन्हा क्रमांक काढून तो मसुदा चॅटजीपीटीला दे आणि विचार, ‘समोरचा वकील यात कुठे बोट ठेवेल?’ आलेला प्रत्येक आक्षेप पुन्हा फाईलशी ताडून बघ.

सरांना हे आजच सांग. वकीलपत्रावर सही त्यांची असते, मसुदा कुठून येतो हे त्यांना माहीत हवं.

आणि तुझी तारीख नसेल तेव्हा उलटतपासणी चालू असलेल्या कोर्टात जाऊन बस. प्रश्न ऐकलास की साक्षीदार बोलायच्या आत त्याचं उत्तर वहीत लिही. तुझा अंदाज चुकला, तर वकिलाने तो प्रश्न तिथेच का विचारला, हे संध्याकाळी सरांना विचार.