अर्जुनाच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळतं का? हार्ट अटॅक आयुर्वेदाने टाळता येतो का?

तुम्ही लिहिलंय की वडील 58 वर्षांचे, अँजिओग्राफीत 70 टक्के ब्लॉकेज निघालं, डॉक्टर स्टेंट म्हणतायत आणि नातेवाईक म्हणतायत तीन महिने अर्जुनसालीचा काढा द्या, विरघळून जाईल. विरघळत नाही. हे मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलत नाहीये. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चाळीस वर्षं पाटण तालुक्यात वैद्यकी करतायत आणि त्यांना स्वतःला अटॅक येऊन गेलाय, म्हणूनच हा प्रश्न सोडून पुढे जाता आलं नाही.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. ब्लॉकेज म्हणजे मोरीच्या पाइपात अडकलेला मळ नव्हे, की वरून काहीतरी ओतलं आणि साफ झालं. तो चरबीचा थर रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत वर्षानुवर्षं साठतो, त्याच्यावर पातळ पापुद्रा असतो. एक दिवस तो पापुद्रा फाटतो, शरीराला वाटतं जखम झाली, तिथे रक्ताची गुठळी बनते आणि बघता बघता नळी बंद. पुढचा हृदयाचा स्नायू उपाशी पडतो आणि साधारण अर्ध्या तासापासून मरायला लागतो. त्यामुळे 40 टक्केवाल्यालाही अटॅक येतो आणि 80 टक्केवाला वर्षानुवर्षं शेतात राबतो. नुसता टक्क्याचा आकडा धरून बसू नका.

आता आमच्या घरचं सांगतो. 2018, तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं, थंडी पडलेली. पहाटे साडेतीनला आईने हाक मारली. जाऊन बघतो तर अण्णा पलंगाच्या कडेला बसलेले, डाव्या हाताची मूठ छातीवर दाबून धरलेली आणि उजव्या हाताने स्वतःचीच नाडी बघतायत. बाहेर स्वेटर घालायची थंडी आणि यांचं बनियन पिळून घ्यावं इतकं भिजलेलं. जबडा दुखतोय म्हणाले, मळमळतंय म्हणाले. आई ओवा आणि काळं मीठ घेऊन आली, शेजारचे नाना उठून आले, ते म्हणाले गॅस वर चढलाय, एक ढेकर आली की मोकळं वाटेल. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "गॅसनं असा घाम फुटत नाही. नाडी मंद झालीय. 108 ला फोन कर, आणि मला चालवू नका."

त्यांच्या टेबलाच्या खणात प्रभाकर वटीच्या (हृदयाच्या आयुर्वेदिक गोळ्यांच्या) डबीला चिकटून ॲस्पिरिनची स्ट्रिप असायची. ती मागून घेतली, 325 मिलिग्रॅमची गोळी गिळली नाही, चावून खाल्ली. नाना त्यांची स्वतःची सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, घेऊन आले, जिभेखाली ठेवा म्हणाले, तर अण्णांनी हात आडवा केला, बीपी बघितल्याशिवाय नको. नंतर कळलं की अटॅक हृदयाच्या खालच्या भिंतीचा होता, त्यात बीपी आधीच पडलेलं असू शकतं आणि त्या गोळीने आणखी धाडकन पडतं. गाडी आली, खुर्चीत बसवून चौघांनी उचलून पायऱ्या उतरवल्या. कराडला पोचलो तेव्हा पाच वाजलेले, आत घेतल्या घेतल्या ईसीजी काढला आणि सव्वासहाला नळी उघडलेली होती. हृदयाची उजवी रक्तवाहिनी शंभर टक्के बंद होती. दुखायला लागल्यापासून पावणेतीन तास. कार्डिओलॉजिस्ट मला बाहेर येऊन म्हणाले, पेशंटने स्वतःच अर्धं काम करून ठेवलं होतं.

आणि त्याच दुपारी आमचे दाजी पुण्याहून आले. अण्णा बेडवर, मनगटाला पट्टी, आणि दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा अण्णा, जन्मभर लोकांना काढे पाजलेत आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा शेवटी मशीनखालीच यावं लागलं ना." अण्णा काही बोलले नाहीत. डोळे मिटून घेतले. मी आजपर्यंत ते विसरलेलो नाही, आणि हे वाक्य मी त्यानंतर लग्नात, बारशात, व्हॉट्सॲपवर किमान वीस वेळा ऐकलंय.

तर मला दाजींना त्या दिवशी जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितो. आयुर्वेदात डोकं, हृदय आणि बस्ती म्हणजे मूत्राशय ही तीन मोठी मर्मं, म्हणजे जिवाच्या नाजूक जागा, सांगितलीयत. सुश्रुतांनी हृदयाला सद्यःप्राणहर मर्मांत टाकलंय, म्हणजे तिथे घाव बसला तर माणूस तत्काळ जातो, फार तर सात दिवसांत. ज्याने हे मनापासून वाचलंय तो वैद्य छातीत कळ आल्यावर ओवा चावत उजाडायची वाट बघेल का? अण्णा त्या रात्री ॲलोपॅथीला शरण गेले नव्हते, ते चाळीस वर्षं जे शिकले त्याप्रमाणेच वागले. त्यांच्याकडे कोणी छातीत दुखतंय म्हणून आलं तर ते नाडी बघतात आणि आधी ईसीजी काढून या म्हणतात, हे मी शाळेत असल्यापासून बघतोय.

जे लोक काढ्याने ब्लॉकेज घालवतो म्हणून जाहिरात करतात त्यांचा मला दाजींपेक्षा जास्त राग आहे. माझं मेडिकलचं दुकान आहे. आमच्याच आळीतल्या एका काकांना स्टेंट बसला होता, चार महिन्यांनी क्लोपिडोग्रेल, म्हणजे गुठळी होऊ न देणारी गोळी, न्यायला यायचे बंद झाले. विचारलं तर म्हणाले आता झाडपाल्याचं चालू केलंय, गोळ्या बंद. दोन आठवड्यांत स्टेंटच्या आत गुठळी झाली. वाचले, पण आता घराच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबतात. अण्णा त्यांच्या घरी गेले आणि परत येऊन जेवले नाहीत.

मग आयुर्वेद कशाला? अटॅक यायच्या आधीच्या तीस वर्षांसाठी आणि नंतरच्या पथ्यासाठी. चरकांनी हृद्य, म्हणजे हृदयाला हितकर, म्हणून दहा फळं दिलीयत, त्यात आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग आहे आणि वृक्षाम्ल म्हणजे आपलं कोकम आहे. त्या दहात अर्जुन नाही, हे लोकांना सांगितलं की पटत नाही. व्यायाम अर्ध्या शक्तीने करायचा, कपाळावर घाम आला, तोंडाने श्वास सुरू झाला की थांबायचं. चाळिशीत एकदम जिमला जाऊन वजनं उचलणाऱ्यांनी हे वाचावं. आणि एक मला फार लागलेलं, अश्रू दाबून धरले तर होणाऱ्या रोगांत चरकांनी हृद्रोग सांगितलाय. अटॅकच्या आदल्या वर्षी अण्णांचा धाकटा भाऊ गेला, सगळं घर रडत होतं आणि अण्णा दिवस-तेराव्याच्या सामानाचा हिशोब लिहीत होते. त्याने अटॅक आला असं मी म्हणणार नाही, नऊ वर्षांचा मधुमेह होता आणि आजोबाही असेच गेलेले, पण घरी आल्यावर एका संध्याकाळी ते स्वतःच म्हणाले की तेव्हा रडायला हवं होतं, आणि मग रडले.

अर्जुन ते आजही घेतात, कार्डिओलॉजिस्टला विचारून, गोळ्या चालू ठेवून. 5 ग्रॅम साल, 40 मिली दूध, 160 मिली पाणी, मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत. लालसर, तुरट लागतं. छातीतल्या दुखण्यावर थोडा फरक पडल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय, नळी साफ होते असं सिद्ध झालेलं नाही. बाजारात ऐनाच्या झाडाची साल अर्जुन म्हणून खपवतात तेही बघून घ्या, आणि नदीकाठचं झाड दिसलं म्हणून बुंध्याभोवती गोल साल सोलू नका, झाड मरतं. कोयनेकाठचं आमचं एक तसंच गेलं.

राहिलेलं. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. बायकांना आणि मधुमेहींना छातीत न दुखताही अटॅक येतो, नुसती धाप, घाम, पाठ किंवा जबडा. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी पळू नका, ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारा रक्तातला घटक, वाढायला काही तास लागतात. जेष्ठमध रोज चघळत असतील तर बंद करा, बीपी वाढतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा अल्सर असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि स्टेंटचं. स्थिर ब्लॉकेजला लगेच स्टेंट लागतोच असं नाही, कितीतरी लोक गोळ्या आणि पथ्यावर नीट राहतात, पण मुख्य नळीच्या तोंडाशी असेल किंवा तीनही नळ्यांत असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टला अँजिओग्राफीची सीडी दाखवा, नातेवाइकांना नको. वडिलांना जिना चढताना, जेवून चालताना छातीत भरून येतं का, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आज त्यांना ते विचारा, आणि दुखणं हल्ली बसल्या जागी यायला लागलं असेल तर दुसरं मत वगैरे नंतर, आधी दवाखाना गाठा.