कडी दोनदा बघणं म्हणजे ओसीडी का?

तुम्ही विचारलंय की झोपण्याआधी दाराची कडी आणि गॅस दोनदा बघता, टेबलावरच्या वस्तू सरळ रेषेतच लागतात, आणि मित्र म्हणतात तुला ओसीडी (नको ते विचार डोक्यातून न जाणं आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं, हा मनाचा आजार) आहे. तर सवय कुठे संपते, आजार कुठे सुरू होतो आणि हे ठरवतं कोण?

तुमच्या वर्णनावरून तरी मला ही सवयच वाटते. मी डॉक्टर नाही. पण मला स्वतःला ओसीडी आहे, कित्येक वर्षं उपचार घेतलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं असं व्हायचं: कडी लावलेली डोळ्यांना दिसायची, हाताला लागायची, तरी ‘लागली’ हे मनाला पटायचं नाही. मग मोजत मोजत काढायची, पुन्हा लावायची. मध्येच कुणी हाक मारली की मोजणी पहिल्यापासून. अंगठ्यावर कडीचा वळ उठायचा. चोराची भीती फारशी नव्हतीच. आपल्या चुकीमुळे घरातल्या कुणाचं तरी बरंवाईट होईल, एवढं एकच डोक्यात घुमत राहायचं. यात काही अर्थ नाही हे कळायचं, पण हात सुटायचा नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी मला दोन गोष्टी खोदून खोदून विचारल्या. रोज यात किती वेळ जातो? आणि मध्येच थांबावं लागलं तर काय होतं? त्यामागचं कारण नंतर समजलं. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेत ओसीडीची अटच तशी आहे: दिवसाचा तासाहून जास्त वेळ यात जायला हवा, किंवा त्यापायी जिवाला मोठा त्रास व्हायला हवा, कामात, नात्यांत अडथळा यायला हवा. टेबल नीट लावल्यावर तुम्हाला बरं वाटत असेल. मला कडी लावून कधीच बरं वाटलं नाही, फार तर पाच मिनिटं सुटका. आपल्याकडचा ‘मंत्रचळ’ हा जुना शब्द मला म्हणूनच चपखल वाटतो.

आता ठरवतं कोण? तज्ज्ञ माणसंच ठरवतात, समित्यांत बसून. रक्त तपासून ओसीडी कळत नाही, त्यामुळे रेघ कुठेतरी हातानं आखावीच लागते, आणि ती चुकतेही. 1851 मध्ये कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं गुलामांनी मालकाकडून पळून जाण्यालाच मनोविकार ठरवून त्याला ‘ड्रेपटोमेनिया’ असं नाव दिलं होतं. समलैंगिकता डीएसएममधून निघाली 1973 च्या डिसेंबरात. त्यावर पुढच्या वर्षी असोसिएशनच्या सभासदांचं चक्क मतदान झालं आणि निर्णय टिकला. जागतिक आरोग्य संघटनेला तेच करायला 1990 उजाडलं. दुःखाचंही बघा. जवळचं माणूस गेल्यावर किती दिवस शोक केला तर तो आजार? 2022 च्या डीएसएममध्ये प्रौढांसाठी किमान एक वर्षाची अट आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत सहा महिन्यांची. माणूस तोच, शोक तोच.

तरीही लेबलं टाकून द्या असं मी म्हणणार नाही. ओसीडी हे नाव मिळालं त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी वाईट किंवा वेडी नाही, आणि यावर उपचार आहे. त्रास मला दुसऱ्याच गोष्टीचा होतो. एका मैत्रिणीला मी मोठ्या धीरानं हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘अगं, मलाही आहे, माझं कपाट बघ एकदा.’ तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यानंतर दोन वर्षं मी कुणाजवळ हा विषय काढला नाही. तुमच्या मित्रांना हे जरूर सांगा.

तुम्ही इतकंच करा: आठवडाभर रोज यात किती मिनिटं जातात ते लिहा, आणि एखाद्या रात्री कडी एकदाच बघून झोपून पाहा. थोडी चुळबुळ होऊन झोप लागली, तर विषय सोडून द्या. उठावंच लागलं, पुन्हा पुन्हा उठावं लागलं, तर तो कागद घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. माझ्या उपचारातही पुढे हेच होतं, फक्त हळूहळू आणि सोबतीनं: कडी एकदा लावायची, वळायचं, आणि परत न जाता जीव शांत होईपर्यंत थांबायचं. पहिल्या खेपेला मला पाऊण तास लागला होता.