गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाटाण्यांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत न दिसणारा सुरकुतलेपणा दुसऱ्या पिढीत परत कसा येतो?

तो गुण नाहीसा झालेला नसतो, गोलपणाच्या जनुकामुळे केवळ झाकलेला असतो. रोपात दाण्याच्या आकाराची जनुके जोडीने असतात. परागकण व बीजांड तयार होताना अर्धसूत्री विभाजनात (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनात) ही जोडी विलग होते आणि प्रत्येक युग्मकाला (प्रजनन पेशीला) एकच जनुक, तेही कोणतीही भेसळ न होता, मिळते. माझ्या मते हीच यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. स्वपरागणात दोन्हीकडून सुरकुतलेपणाचेच जनुक आले, तर दाण्यात पिष्ट (स्टार्च) कमी आणि साखर जास्त साठते, त्यामुळे तो अधिक पाणी धरतो आणि वाळताना आक्रसतो. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल यांना ब्रनो (आजचे चेक प्रजासत्ताक) येथील प्रयोगात दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे प्रमाण २.९६ : १ भरले. संकरित रोपाच्या एकाच शेंगेत दोन्ही प्रकारचे दाणे शेजारीशेजारी आढळतात.