उन्हाळ्यातील परसबाग : पाणी वाढविण्याआधी माती झाकावी

शेतकरी बंधू-भगिनींनो,

गुढीपाडवा झाल्यापासून पुणे जिल्ह्याच्या निरनिराळ्या भागांतून परसबागेविषयी बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतील चार प्रश्न अनेकांच्या उपयोगाचे असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. शिरूर तालुक्यातील एका भगिनींच्या विहिरीने तळ गाठला आहे. घरात वापरून उरलेले पाणी दिवसाला जेमतेम चार हंडे निघते आणि तेवढ्यावर घरापुरती भाजी मृगाच्या पावसापर्यंत टिकेल काय, असे त्यांनी विचारले आहे. धायरी येथील एका वाचकांच्या गच्चीवरील टोमॅटोला फुले भरपूर येतात, परंतु ती देठासकट गळून पडतात. सासवडजवळील एका शेतकरी बंधूंच्या वांग्याच्या व भेंडीच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके पडून पानांखाली जाळी धरली आहे. इंदापूर तालुक्यातून आलेला प्रश्न कूपनलिकेच्या पाण्याने वाफ्यावर साचणाऱ्या पांढऱ्या थराविषयी आहे.

शिरूरच्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण उरलेल्या तिन्ही प्रश्नांचे मूळ काही अंशी त्यातच आहे. प्रथम पाण्याचा हिशोब पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्या भागात मे महिन्यात उघड्यावर, वाऱ्यात उभ्या असलेल्या पूर्ण वाढीच्या भाजीपाल्याला दिवसाला साधारण 6 ते 7 मिलिमीटर पाणी लागते. चार हंडे म्हणजे 15 लिटरच्या हिशोबाने 60 लिटर. एवढ्या पाण्यात सुमारे नऊ चौरस मीटर, म्हणजे दहा फूट लांब व दहा फूट रुंद असा एक वाफा निभावतो. हेच पाणी अर्ध्या गुंठ्यावर पसरले, तर कोणत्याही रोपाच्या मुळापर्यंत ते पुरेसे पोहोचत नाही आणि पंधरा दिवसांत सगळीच बाग सुकते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, या आठवड्यातच बाग लहान करावी. ज्या वेली थकल्या आहेत, ज्या झाडांची फळधारणा संपली आहे, ती मनावर दगड ठेवून काढून टाकावीत आणि उरलेल्या दहा-बारा सशक्त झाडांना सर्व पाणी द्यावे. हाताने लावलेले झाड उपटणे जिवावर येते, याची मला कल्पना आहे. परंतु सगळी वाचविण्याच्या नादात एकही न वाचल्याची उदाहरणे मी दर उन्हाळ्यात पाहतो.

दुसरी गोष्ट आच्छादनाची, म्हणजे पाल्यापाचोळ्याने माती झाकण्याची. उघड्या मातीवर ओतलेल्या पाण्यातील मोठा भाग रोपाच्या उपयोगी न पडता ऊन व वारा यांमुळे पृष्ठभागावरूनच उडून जातो, आणि काळ्या जमिनीला भेगा पडल्या की त्या भेगांतून खालच्या थरांतील ओलही निघून जाते. दुपारी दोनच्या सुमारास उघड्या वाफ्याच्या मातीवर हात ठेवून पाहावा. क्षणभरही ठेववत नाही. शेजारच्याच पाचटाखालच्या, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांखालच्या, मातीत बोट घालावे. ती गार लागते, बोटाला चिकटते आणि मुळांची पांढरी टोके वरच्या थरापर्यंत आलेली दिसतात. या दोन जागांतील फरक ज्याने एकदा हाताने पाहिला, त्याला आच्छादनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या भागांत उसाचे पाचट सहज मिळते. पुणे शहरात फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांच्या कडेला पानगळीचे ढीग साचतात. हा पाला अनेक ठिकाणी अजूनही पेटवून दिला जातो, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. धुराचा त्रास तर होतोच, शिवाय ज्या पाल्याने दोन महिने माती ओली ठेवली असती व पुढे खत झाले असते, त्याची राख होते. पाला, पाचट, भाताचा किंवा गव्हाचा भुसा, वाळलेले तण, यांपैकी जे मिळेल त्याचा चार बोटे जाड थर द्यावा. आधी खुरपणी करून भेगा बुजवाव्यात, भरपूर पाणी द्यावे आणि मगच थर पसरावा. कोरड्या मातीवर आच्छादन घातल्यास आपण कोरडेपणाच झाकून ठेवतो. खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडावी आणि आठवड्यातून एकदा थर उचलून वाळवीची माती दिसते काय, हे पाहावे. बी आलेले तण मात्र आच्छादनाला वापरू नये.

पाणी दररोज थोडे थोडे शिंपडण्याची सवय सोडावी. शिंपडलेले पाणी वरच्या दोन इंचांत राहते, मुळेही तेथेच पसरतात आणि सर्वांत आधी तोच थर तापतो. त्याऐवजी रोज दोन हंडे अर्ध्या वाफ्याला व दोन हंडे उरलेल्या अर्ध्याला असे न देता, चारही हंडे एका दिवशी अर्ध्या वाफ्याच्या आळ्यांत आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्यात सावकाश मुरवावेत. पाणी सकाळी आठच्या आत किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. दुपारी पाने मान टाकतात, ते पाहून लगेच झारी घेऊ नये. भोपळावर्गीय वेलींची मोठी पाने भर उन्हात मुळांच्या क्षमतेपेक्षा अधिक पाणी बाहेर टाकतात, त्यामुळे माती ओली असतानाही ती लोंबतात आणि संध्याकाळी पूर्ववत होतात. संध्याकाळी सातनंतरही पान उभे राहिले नाही, तर ती खरी तहान होय. शंका असल्यास तीन-चार बोटे खोलीवरची मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा. गोळा होऊन अंगठ्याने दाबताच फुटला तर वाफसा, म्हणजे बेताची ओल, आहे, पाण्याची घाई नाही. गोळाच होत नसेल तर पाणी द्यावे. आणि हाताला चिखल लागत असेल तर मुळांना हवा मिळत नाही, तेव्हा थांबावे. उन्हाळ्यात कुंड्यांतील झाडे जितकी पाण्यावाचून मरतात, जवळजवळ तितकीच घाबरून दिलेल्या जादा पाण्याने मुळे कुजून मरतात, असा माझा अनुभव आहे.

काकडी, दोडका, कारली, दुधी यांच्या वेलींसाठी मडक्याचे सिंचन फार उपयुक्त ठरते. पाच-सहा लिटरचे, रंग किंवा तेल न लावलेले, साधे भाजलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, भोवती एक वीत अंतरावर तीन-चार वेल ठेवावेत आणि मडक्यावर झाकण ठेवावे, म्हणजे पाणी उडत नाही व डासही होत नाहीत. भोवतालची माती कोरडी पडली की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते, ओली असली की पाझर मंदावतो; म्हणजे गरजेप्रमाणे पाणी देण्याचे काम मातीच करते. दोन ते चार दिवसांनी मडके भरावे लागते. मडके घेताना मात्र परीक्षा करावी : पाण्याने भरून ठेवल्यावर काही तासांत त्याच्या अंगाला बाहेरून घाम सुटला पाहिजे. चकचकीत मडकी दिसायला सुंदर असतात, पण पाझरत नाहीत. पुण्यात कुंभारवेशीच्या परिसरात साधी मडकी मिळतात. गावातील कुंभारदादांकडे काठाला तडा गेलेले पण पोट व तळ शाबूत असलेले मडके मिळाले तरी चालते.

उरलेल्या पाण्यापैकी तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी जसेच्या तसे द्यावे. भांडी व कपडे धुतलेल्या पाण्यात साबणाचा सोडा असतो, त्याने काळी माती चोपण, म्हणजे घट्ट व पाणी न मुरणारी, होते. म्हणून ते पाणी शेवगा, कढीपत्ता, केळी अशा मोठ्या झाडांना आलटून पालटून द्यावे, पालेभाज्या व कंदभाज्यांना देऊ नये.

आता नवीन काय लावावे, हेही या भगिनींनी विचारले आहे. या दिवसांत फुलकोबी, गाजर, वाटाणा यांचा विचारच करू नये. मेथी व कोथिंबीर सावलीशिवाय लवकर फुलावर येतात. गवार, चवळी आणि भेंडी ही खरी उन्हाची पिके आहेत. गवारीत पुसा नवबहार आणि भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका हे वाण घ्यावेत, कारण भेंडीचे हे दोन्ही वाण शिरा पिवळ्या पडण्याच्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी तयार केलेले आहेत. गवारीचे बी रात्रभर भिजवून ओल्या आळ्यात टोकावे. पालेभाजीसाठी तांबडा माठ, राजगिरा आणि घोळ यांवर भर द्यावा. घोळ ही आपोआप उगवणारी भाजी आपण तण म्हणून उपटून टाकतो. वास्तविक तिच्या मांसल पानांत पाणी साठलेले असते आणि फारसे काही न करता ती मे महिन्यातही ताटात येते.

धायरीच्या वाचकांनी फुलगळीसाठी दुकानातून दोन वेळा संजीवक, म्हणजे झाडाच्या वाढीचे औषध, आणून फवारले आणि तरीही फरक पडला नाही, असे कळविले आहे. त्यांना सांगावेसे वाटते की, यात झाडाचा किंवा आपल्या निगराणीचा दोष नाही. दिवसाचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले आणि रात्रीही पुरेसा गारवा पडेनासा झाला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फलन होत नाही आणि झाड ते फूल टाकून देते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा 38 ते 40 अंशांपर्यंत सहज जातो, आणि गच्चीवरचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असल्याने तेथे रात्रही गरमच असते. म्हणून आणखी फवारणीवर खर्च करू नये. कुंड्या विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर उचलून घ्याव्यात, एकमेकींना चिकटून मांडाव्यात म्हणजे त्यांची सावली एकमेकींवर पडते, काळ्या पिशव्यांना व प्लॅस्टिकच्या कुंड्यांना ओले गोणपाट गुंडाळावे. पश्चिमेकडील भिंतीलगतची जागा सर्वांत वाईट. तेथून कुंड्या हलवून सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशा ठिकाणी न्याव्यात. 50 टक्के सावलीचे हिरवे शेडनेट झाडांच्या शेंड्यांपासून दोन-तीन फूट उंच बांधावे व बाजू मोकळ्या ठेवाव्यात, नाही तर आत वाफ कोंडते. शेडनेट नसेल तर जुनी सुती साडी दुपारपुरती ताणली तरी पुरते. सकाळी नऊच्या सुमारास फुलांचे घोस बोटाने हलकेच हलवावेत; जे परागकण जिवंत आहेत ते त्यामुळे कामी येतात. टोमॅटोचे झाड या काळात केवळ जगवावे, नत्राची खते देऊ नयेत. तापमान उतरले की तेच झाड पुन्हा फळ धरते. तोपर्यंत त्याच गच्चीत मिरचीला व वांग्याला प्राधान्य द्यावे. आपल्या पुण्याजवळच्या मांजरीच्या नावाचे मांजरी गोटा हे वांगे पाणी नियमित असेल तर मोठ्या कुंडीतही चांगले येते.

सासवडच्या शेतकरी बंधूंनी वर्णन केलेली लक्षणे लाल कोळ्याची आहेत. खात्रीसाठी पान पांढऱ्या कागदावर झटकावे. मिरपुडीसारखे ठिपके चालू लागले आणि बोटाने चिरडल्यावर तांबूस रेघ उमटली, तर तो कोळीच होय. कोरड्या, धुळकट, गरम हवेत याची वाढ झपाट्याने होते, त्यामुळे रस्त्याकडेच्या बागेत तो आधी येतो. फार लागलेली पाने तोडून बागेबाहेर नष्ट करावीत. उरलेल्या पानांच्या खालच्या बाजूवर चार-पाच दिवसांच्या अंतराने सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. जाळी व धूळ धुऊन गेली की निम्मे काम होते. त्यानंतर संध्याकाळी पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. घरच्या प्रमाणात 50 ग्रॅम निंबोळ्यांची भरड फडक्यात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी, सकाळी पिळून गाळावी, एक लिटर पाणी पूर्ण करावे आणि चिमूटभर साबणाचा चुरा मिसळून त्याच दिवशी वापरावी. भर उन्हात अर्क फवारल्यास पाने करपतात. कीटकनाशके कोळ्यावर सहसा चालत नाहीत, उलट कोळी खाणारे मित्रकीटक त्यांनी मरतात. घरी खाण्याच्या भाजीवर ती टाळलेलीच बरी.

इंदापूरचा पांढरा थर हा क्षारांचा आहे. कूपनलिका दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून, त्याच पाण्याने विसळलेल्या स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा आणि माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. पाण्यातील क्षारांचे प्रमाण दाखविणारी विद्युत वाहकता 2.25 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असल्यास ते पाणी भाजीपाल्याला एकटे देऊ नये, उपलब्ध गोड्या पाण्यात मिसळून द्यावे. वरचा थर खरवडून वाफ्याबाहेर टाकावा आणि तेथे घेवडा न लावता पालक किंवा बीट घ्यावे, कारण घेवडा क्षारांनी लवकर खचतो. जिप्समचा वापर अहवाल पाहूनच करावा.

वळवाचा पहिला पाऊस झाला म्हणून आच्छादन काढण्याची घाई कोणीही करू नये; त्यानंतर पुन्हा आठ-दहा दिवस कडक ऊन पडते आणि जूनच्या पेरणीसाठी लागणारी ओल त्याच थराखाली टिकते. मे अखेरीपासून कडुनिंबाच्या पिकलेल्या निंबोळ्या खाली पडू लागतील, त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात, म्हणजे पुढील वर्षभर अर्कासाठी त्या घरच्या घरी उपलब्ध राहतील.