लिनक्स शंकापेटी: फाइल हलवली आणि ४०३ आला

प्रश्न: फेडोरा लिनक्सवर अपाची हा वेब सर्व्हर आहे. होम फोल्डरमध्ये बनवलेली एक फाइल 'एमव्ही'ने (हलवण्याची आज्ञा) /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल या वेब-पानांच्या फोल्डरमध्ये नेली, दुसरी 'सीपी'ने (कॉपीची आज्ञा). दोन्हींना परवानगी ६४४ (सगळ्यांना वाचता येईल अशी). दुसरी उघडते, पहिलीला ४०३ (प्रवेश नाकारला). का?

उत्तर: परवानग्या ठीक आहेत, अडवतंय ते एसई-लिनक्स, म्हणजे फाइलवरच्या लेबलनुसार प्रवेश ठरवणारी सुरक्षा यंत्रणा. 'एलएस -झेड' (झेड मोठा) देऊन बघा. पहिलीवर होम फोल्डरचा यूझर_होम_टी हा टाइप (लेबलचा मुख्य भाग) असेल, दुसरीवर वेब-पानांचा एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी.

फाइल तयार होते त्या क्षणीच तिचं लेबल ठरतं. बनवणाऱ्या प्रोसेससाठी (चालू प्रोग्रामसाठी) पॉलिसीत, म्हणजे एसई-लिनक्सच्या नियमावलीत, ट्रान्झिशनचा (नव्या फाइलला वेगळा टाइप देण्याचा) नियम असेल तर तो लागतो. अपाचीने /टीएमपी मध्ये बनवलेल्या फाइलला एचटीटीपीडी_टीएमपी_टी मिळतं ते त्यामुळेच. नियम नसेल तर डिरेक्टरीचा टाइप उतरतो. 'सीपी' नवी फाइल बनवते, म्हणून तिला तिथलं लेबल मिळालं. 'एमव्ही' त्याच पार्टिशनवर फक्त नाव-पत्ता बदलते, लेबलला हातही लावत नाही. पार्टिशन वेगळं असेल तर ती कॉपी करते खरी, पण जुनं लेबल सोबत नेते. 'सीपी -ए'चंही (सगळे गुणधर्म जपून कॉपी) तसंच.

गंमत म्हणजे, आता त्या अडलेल्या फाइलवरच साधं 'सीपी' केलंत तरी ४०३ जाणार नाही. आधीपासून असलेल्या फाइलमध्ये फक्त मजकूर बदलतो, लेबल तेच राहतं. त्यापेक्षा पॉलिसीनुसार लेबल पुन्हा लावणारी 'रीस्टोअरकॉन -आर -व्ही' आणि पुढे तो फोल्डर, एवढं पुरेसं आहे. पुढच्या वेळी 'एमव्ही -झेड' (झेड मोठा) वापरा, ती हलवतानाच नव्या जागेचं लेबल लावते. 'सेटएन्फोर्स ०' (एसई-लिनक्सची अडवणूक बंद करणारी आज्ञा) सुचवणारे बरेच भेटतील. एका फाइलपायी सगळा पहारा उठवू नका.

प्रश्न: साइट /डेटा/साइट मध्ये आहे. 'सीएचकॉन'ने लेबल दिलं, चाललं. रीलेबल (सगळ्या फाइलींना पॉलिसीनुसार लेबल पुन्हा लावणं) झाल्यावर पुन्हा बंद.

उत्तर: 'सीएचकॉन' फाइलवरचं लेबल बदलतं, पॉलिसीच्या यादीत (कुठल्या पत्त्याला कोणतं लेबल) नोंद करत नाही. त्या यादीत /डेटा साठी काहीच नाही, म्हणून रीलेबलने डिफॉल्ट_टी लावलं. आधी नोंद करा:

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी "/डेटा/साइट(/.*)?"

शेवटचा कंस गाळलात तर नोंद फक्त फोल्डरपुरती होते, आतल्या फाइली तशाच राहतात. नोंदीनंतर 'रीस्टोअरकॉन' द्यायलाच हवं, कारण फाइल बनताना कर्नल (लिनक्सचा गाभा) ही यादी बघत नाही. अपलोडच्या फोल्डरची नोंद वेगळी करा, एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी या टाइपने. नाहीतर पानं दिसतील, पण अपाचीला तिथे लिहिता येणार नाही.